पिंजऱ्याच्या अलीकडून : शी, कुलूप आणि आंबेमोहोराचा वास

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो : ‘जनावराला हात लावायची हौस असेल तर या कामाला येऊ नका.’ त्या एका ओळीपायी संपादकांच्या टेबलावर पत्रांची चळत लागली. काहींनी मला खडूस म्हटलंय, एका बाईंनी दगडाच्या काळजाचा म्हटलंय. बायकोला दाखवलं, तर म्हणाली, बत्तीस वर्षांनी कुणीतरी खरं लिहिलं. तेव्हा या वेळी कुत्र्याच्या खरजेचे आणि मांजराच्या केसांचे प्रश्न बाजूला ठेवतो आणि जनावरं सांभाळणाऱ्या माणसांचीच पत्रं घेतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी एका महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात १९८९ साली लागलो, तेही सफाई कामगार म्हणून. वडील तिथेच झाडू मारायचे, लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे त्यांच्या जागी मी. नऊ वर्षांनी प्राणीपाल झालो, २०२१ला निवृत्त झालो. आता आठवड्यातले तीन दिवस भटक्या कुत्र्यांच्या एका निवाऱ्यात पोरांना काम शिकवतो. मी डॉक्टर नाही. औषधाचं नाव विचारणाऱ्यांना उत्तर देत नाही, राग मानू नये.

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलंय. प्राणिसंग्रहालयात किंवा रेस्क्यू सेंटरमध्ये काम करायची फार इच्छा आहे. आई म्हणते, एवढं शिकून जनावरांची शी काढणार का? दिवसभर खरंच काय काम असतं? तुमची ती ओळ वाचून वाईट वाटलं. (सांगली)

पोरी, आईला सांग, हो, शीच काढायची आहे. पण काढायच्या आधी ती वाचायची असते.

आमचा दिवस सातला सुरू व्हायचा. झाडू हातात घ्यायच्या आधी एक फेरी, हात मागे बांधून. आधी मोजणी. काल संध्याकाळी किती आत घेतले, आज किती आहेत. मग एकेका नाइट रूमसमोर थांबायचं. उठून आला का? नेहमीच्याच कोपऱ्यात आहे की जागा बदलली? पाणी किती खाली गेलंय? खाणं उरलंय का, आणि उरलंय तर नेमकं काय उरलंय? मग शी. बिबट्याची डांबरासारखी काळी, चिकट दिसली तर पोटात वरच्या अंगाला कुठंतरी रक्त जातंय, डॉक्टरांना लगेच फोन. हत्तीच्या शेणात गवताच्या लांबच लांब काड्या अख्ख्या दिसू लागल्या तर त्याच्या दाढा बघायला हव्यात, चावलं जात नाहीये. चितळाच्या लेंड्या सुट्या पडाव्यात, गोळा होऊन चिकटल्या असतील तर काहीतरी बिनसलंय. नीलगाय ठरल्या जागी लेंड्या टाकते, तिथं ढीग लागतो. तो ढीग सोडून भलतीकडे पडलेल्या दिसल्या, की मी दिवसभर त्या कळपावर डोळा ठेवायचो.

आमच्याकडे एक म्हातारी बिबट्याची मादी होती. रोजचं तीन किलो मांस. एक दिवस अर्धा पाव उरलं, दुसऱ्या दिवशी पाव किलो. आकड्यात विशेष काही नव्हतं, उन्हाळ्यात उरतंच. पण उरलेले तुकडे सगळे हाडाचे होते. म्हणून त्या संध्याकाळी बाहेर उकिडवा बसून ती खाताना बघितली. डोकं उजवीकडे कलतं करून खात होती, घास डाव्या अंगाला गेला की टाकून देत होती. वहीत लिहिलं : ‘डाव्या बाजूने चावत नाही.’ सुपरवायझर हसले, म्हणाले, तू काय दातांचा डॉक्टर का? आमचे खरे डॉक्टर मात्र वही वाचणारे होते. तिला स्क्वीझ केजमध्ये, म्हणजे भिंत सरकवून जनावराला जागीच धरणाऱ्या पिंजऱ्यात, घेऊन भूल दिली, तोंड उघडलं, तर खालच्या डाव्या दाढेला चीर आणि मुळाशी पू. त्यानंतर ती चार वर्षं जगली. तिला मी उभ्या आयुष्यात एकदाच हात लावला, तो त्या दिवशी, जबडा धरायला.

ही वही आम्हाला पूर्वी नव्हती. मी लागलो तेव्हा सगळा तोंडी कारभार. १९९२ला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, मग हळूहळू नोंदी, वजनं, आजाराचे कागद, मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन हे सगळं रीतसर होऊ लागलं. जुने लोक कुरकुरले. मलाही तेव्हा सहीपुरतंच लिहिता येत होतं, रात्रशाळेत गेलो ते या वहीसाठी.

बाकी दिवस म्हणजे पाणी मारणं, वायपर ओढणं, चारा उतरवून घेणं, त्यातला बुरशी लागलेला बाजूला काढणं, पोटॅशच्या जंतुनाशक पाण्यात बूट बुडवून एका विभागातून दुसरीकडे जाणं. मांसाहारी जनावरांच्या खोलीतला खराटा हरणांकडे न्यायचा नाही. संध्याकाळी खाणं, आत घेणं, कुलपं. आठवड्यातून एक दिवस झू लोकांसाठी बंद असतं, तो आमचा खरा कामाचा दिवस. आमच्या वाघ-बिबट्यांना त्या दिवशी उपास असायचा.

तुझ्या शिक्षणावर प्राणीपालाच्या जागेपलीकडचीही दारं आहेत : जीवशास्त्रज्ञ, शिक्षण अधिकारी. जनावरांच्या औषधपाण्याकडे ओढा असेल तर पशुधन पर्यवेक्षकाची पदविका बघ. पण काहीही हो, आधी तीन महिने कुठल्यातरी निवाऱ्यात खराटा धर. तिसऱ्या महिन्यातही पहाटे उठावंसं वाटलं, तर मला पुन्हा पत्र लिही.

प्रश्न : हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे बिबट्याला कुशीत घेतात. सगळ्या महाराष्ट्राने ते फोटो पाहिलेत. मग ‘हात लावू नका’ म्हणणारे तुम्ही कोण? (अमरावती)

कोणीच नाही. पण त्या फोटोच्या आधी काय घडलं तेही बघा. १९७३ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा भामरागडच्या त्या जंगलात माणसाला अन्न नव्हतं, शिकार करूनच पोट भरायचं. मारलेल्या माकडिणीला चिकटलेलं पिल्लू आमट्यांनी मागून घेतलं, आणि मग लोक अनाथ पिल्लं त्यांच्याकडे आणून देऊ लागले. दुसरा रस्ताच नव्हता. त्यांनी ते निभावलं, कारण ते चोवीस तास तिथेच राहत होते. आपण फोटो बघतो आणि रविवारी दोन तास जाऊन तसंच करावं म्हणतो.

माझ्यापुरतं सांगतो. बत्तीस वर्षांत मला वाघाने ओरखडलं नाही, बिबट्याने नाही. उजव्या मांडीवर सात टाके आहेत, ते चितळाच्या नराचे. आई मेली म्हणून आम्हीच बाटलीवर वाढवलेला. लहानपणी मागेमागे फिरायचा, खिशात तोंड घालायचा, पाहुणे आले की साहेब त्यालाच दाखवायचे. मोठा झाला, शिंगांवरची मखमल गळाली, आणि मी त्याला दुसरा नर वाटू लागलो. रानात वाढलेला चितळ माणूस दिसला की पळतो. याला पळायचं माहीतच नव्हतं. चूक त्याची नव्हती, आमच्या लाडांची होती. त्यानंतर त्याला उरलेलं आयुष्य वेगळ्या वाड्यात एकट्याने काढावं लागलं.

प्रश्न : मी कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये कामाला आहे. आंघोळ घालताना एका लॅब्राडोरचा दात बोटाला लागला, थोडं रक्त आलं. मालक म्हणतात, कुत्र्याला लस दिलेली आहे, काही होत नाही, हळद लाव. (नाशिक)

हळद भाजीत. हे वाचताय तोवर डॉक्टरांकडे गेला नसाल तर आधी उठा, जा आणि मग पुढचं वाचा.

दात लागला, रक्त आलं, की नळाखाली धरायचं आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. दोन मिनिटांतच माणसाला वाटतं पंधरा झाली. हळद, चुना, तिखट, चहापत्ती काहीही भरायचं नाही. मग दवाखाना, आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुढची इंजेक्शनं, एकही न चुकवता. कुत्र्याचं लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवा, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण ‘दिलेली आहे’ या तोंडी वाक्यावर आपला जीव टांगू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही.

दुसरं, तुमच्या कामाच्या माणसाने चावा बसायची वाट बघूच नये. आधीच घ्यायची रेबीजची लस असते, धनुर्वाताची असते. तिचा खर्च मालकाने करायचा. पावसाळ्यात उंदीर फिरलेल्या, मुतलेल्या पाण्यात उघड्या पायांनी उभे राहू नका, पायाला चीर असेल तर मुळीच नाही. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून येणारा तापाचा आजार, तिथूनच आत शिरतो. ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की मी जनावरांत काम करतो. ते विचारत नाहीत, आपणच सांगायचं.

प्रश्न : गेल्या हंगामात आमच्या उसात बिबट्याची तीन पिल्लं सापडली. मजूर घाबरले म्हणून मी ती घरी आणली, बाटलीने गाईचं दूध पाजलं. वन खात्याचे लोक दुसऱ्या दिवशी आले, तोवर एक मेलं होतं. अजून मनातून जात नाही. माझं काय चुकलं? (आंबेगाव तालुका)

दादा, तुम्ही वाईट हेतूने काहीच केलं नाहीत, हे आधी लिहून ठेवतो. आता विचारलंच आहे, तर सांगतो.

पिल्लं उचलली, ही पहिली चूक. तुमच्याकडच्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. त्यांना तेच रान. तोड सुरू झाली की आवाजाने आई बाजूला होते, पण लांब जात नाही, पलीकडच्या फडात बसून असते. पिल्लं दिसली की तोड तिथल्या तिथं थांबवायची, माणसं मागे घ्यायची आणि वन खात्याच्या १९२६ या नंबरला फोन लावायचा. ते लोक पिल्लं तपासतात आणि अंधार पडताना त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात. आई रात्री येते आणि मानगुटीला धरून एकेक नेते. तुमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हे कितीदा झालंय. म्हणून जागा महत्त्वाची. पिल्लू घरी आणलंत तरी कुठल्या सरीत सापडलं तिथं काठी रोवून ठेवा.

दुसरं, दूध. गाईचं दूध बिबट्याच्या पिल्लाच्या पोटाला झेपत नाही, हगवण लागते. आणि पिल्लू गार पडलेलं असेल तर त्याला काहीच पचत नाही, आधी ऊब द्यायची. तिसरं तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतो : तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलंत ना? सगळेच तसं पाजतात. मीही पहिल्यांदा तसंच पाजलं होतं. मांजराच्या जातीचं पिल्लू पोटावर असतानाच पितं. उताणं केलं की दूध छातीत जातं. मी पाजलेलं ते रानमांजराचं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी फुप्फुस कापून दाखवलं, आत दूध होतं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मनातून जात नाही म्हणता ते मला कळतं.

एक जाता जाता. उसात सापडणारं प्रत्येक ठिपक्यांचं पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी म्हणून तळहाताएवढी पिल्लं असलेली, आपल्या घरच्या मांजरीपेक्षाही लहान अशी रानमांजर आहे. बिबट्या समजून तिच्या पिल्लांवर गाव गोळा झालेलं मी पाहिलंय. फोन तेव्हाही १९२६लाच.

प्रश्न : माझे मिस्टर प्राणीपाल आहेत. घरी आले की अंगाला वास येतो. दोनदा आंघोळ करतात, तरी मुलगी जवळ जात नाही. काही उपाय? (नाव छापू नये)

वहिनी, तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिने उत्तर सांगितलं, मी फक्त लिहून घेतोय.

कामाचे कपडे घरात आणायचेच नाहीत. तिकडेच बदलायचे, तिकडेच गरम पाण्यात धुवायचे. घरच्या बादलीत घातलेत की तुमच्या चादरींनाही वास. बूट दाराबाहेर नव्हे, कामावरच. ही नुसती वासाची गोष्ट नाही, जंत आणि खरूजही कपड्यांवरूनच घरात येतात. केसांना शिकेकाई. नखं कापलेली. हातांना लिंबाची फोड चोळायची.

माझी भर एवढीच, की सगळेच वास वाईट नसतात. वाघ झाडावर मागच्या मागे फवारा मारतो, त्याला ताज्या आंबेमोहोर भाताचा वास येतो. खोटं वाटेल, पण बासमतीला आणि आंबेमोहोराला जे द्रव्य सुगंध देतं तेच त्यात असतं. कांडेचोर म्हणजे उदमांजर, तेही अंधारात असाच घमघमाट सोडून जातं. मुलीला एकदा न्या आणि विचारा, कुणी भात लावलाय का बघ. तरसाच्या पिंजऱ्याकडे मात्र नेऊ नका.

प्रश्न : आमच्या निवाऱ्यात आम्ही रोज फिनेलने फरशी धुतो. तरी कुत्र्याची पिल्लं रक्ताची हगवण लागून मरतात. (ठाणे)

रक्ताची हगवण आणि पिल्लं म्हटल्यावर डॉक्टरांनी पार्वो सांगितला असणार. पार्वोचा विषाणू फिनेलला दाद देत नाही. वास येतो म्हणून आपल्याला स्वच्छ वाटतं, एवढंच. शिवाय निवाऱ्यात मांजरं असतील तर फिनेल त्यांना विषारी आहे, पंजाला लागतं आणि चाटून पोटात जातं.

आधी घाण खरवडून, साबणाने धुऊन काढा. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं फरशीवर राहू द्या, मग पाणी मारा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडासाचं लिक्विड मिसळू नका, त्या धुराने माणूस कोसळतो. पार्वो मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे आजारी पिल्लं जिथं होती त्या मातीत नवी पिल्लं सोडायची नाहीत. आणि कामाचा क्रम बदला. निरोगी पिल्लं आधी, आजारी शेवटी. तुमची पोरं उलटं करत असणार, मी पैजेवर सांगतो. आजारी पिल्लाची काळजी वाटते म्हणून सकाळी आधी त्याच्याकडेच पळतात, आणि त्याच पायांनी बाकीच्यांकडे जातात.

प्रश्न : रेस्क्यू सेंटरमध्ये ठेकेदारामार्फत काम आहे. पगाराबद्दल काय बोलावं कळत नाही. आवडीचं काम आहे म्हणून गप्प बसतो. (नागपूर)

आवड ही तुमची, ती ठेकेदाराने पगारातून का कापावी? किमान वेतन लागू होतं का ते विचारा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ई.एस.आय.ची, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची, योजना आहे, ठेकेदार तिच्यात बसतो का आणि तुमचा कार्ड नंबर काय, ते विचारा. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पी.एफ. आहे. गमबूट, हातमोजे, लसी, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे या गोष्टी मागायला लाजू नका. टीबी माणसाकडून जनावरांकडेही जातो. तेव्हा तो एक्स-रे त्यांच्यासाठीही आहे, असं सांगून बघा. जनावरांसाठी म्हटलं की पैसे लवकर सुटतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी निवाऱ्यात कामाला लागून पाच महिने झालेत. परवा एका खोलीची कडी नीट लागली नव्हती. रात्री दोन कुत्री भांडली. सकाळी मीच आधी पोहोचलो, रक्त पुसलं, कुत्रं आत घातलं. कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल अशी भीती वाटते. तुमच्या हातून असं कधी झालंय का? (नाव-गाव छापू नये)

झालंय. २००१ साल. माझ्याकडे अस्वलं होती. त्यातली एक मादी नाइट रूममध्ये बसून पुढचा पंजा चोखायची आणि चोखताना गुणगुणायची. अस्वलं तसं करतात. लांबून ऐकलं तर भुंग्यांचं पोळं असल्यासारखं वाटतं. मला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो चालू आहे हे कानाला कळायचंही नाही.

सकाळी तिला आत घेतलं, साखळी सोडून सरकतं दार खाली पाडलं, आवाज झाला, कुलूप घातलं आणि खराटा घेऊन बाहेरच्या वाड्यात शिरलो. अर्धा वाडा झाडून झाला असेल. एकदम सगळं शांत वाटलं. काय बदललं हे कळायला क्षणभर लागलं : गुणगुणणं थांबलं होतं. वळून बघितलं, तर दाराखाली चार बोटांची फट आणि त्या फटीतून तिची नखं बाहेर आलेली. आदल्या दिवशीच्या फणसाची साल खालच्या खाचेत अडकून बसली होती. दार त्या सालीवर टेकलं होतं, खाली बसलंच नव्हतं. आणि मी कुलूप घातलं होतं ते नुसतं साखळीच्या कडीला.

अस्वलाच्या मानेत किती जोर असतो ते मला माहीत होतं. पळालो नाही. शहाणपणाने नव्हे, पाय हलत नव्हते म्हणून. घमेल्यात तिच्यासाठीचा गूळ होता, तो खडा तसाच दारापासून लांब, जाळीच्या बाजूला टाकला. दार उचकटून ती बाहेर आली आणि गुळाकडे गेली. मी पाठ न वळवता उलट्या पावली बाहेरच्या फाटकापर्यंत गेलो. फाटक लावलं, तेव्हा खराटा अजून हातातच होता.

ही गोष्ट मी सांगितली नाही. पुढे एका सकाळी माझी रजा होती आणि जोडीदार त्याच वाड्यात झाडायला जाणार हे मला घरी बसून आठवलं. खाच तशीच होती, मीही ती साफ केली नव्हती, का तर साफ केली असती तर कुणीतरी विचारलं असतं. तेव्हा घरी फोन नव्हता. सायकल काढली आणि गेलो. तो पोहोचायच्या आधी पोहोचलो. मग डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. आठ दिवसांचा पगार कापला. त्यानंतर आमच्याकडे दार पाडल्यावर खाचेत बोट फिरवायचं, कुलूप दोनदा हिसकायचं आणि ‘दार बंद’ असं मोठ्याने म्हणायचं, हे सगळ्यांना लागू झालं. बाहेरून बघणाऱ्यांना वेड्यासारखं वाटायचं.

आता तुमचं. नोकरीचं नंतर बघू. ज्या कुत्र्याला चावे बसलेत त्याला हलक्या हाताने धरा आणि मानेवरचे, कानामागचे केस उलटे करून बघा. कुत्र्याच्या दाताची जखम वरून तांदळाच्या दाण्याएवढी दिसते आणि आत बोटभर खोल असते. वरचं तोंड मिटतं आणि आत पू होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथं गरम, मऊ फुगवटा येतो, कुत्रं खाणं सोडतं. तुम्ही रक्त पुसून टाकल्यामुळे डॉक्टरांना बघायला काहीच उरलेलं नाही, तेव्हा कुठे काय होतं ते तुम्हालाच दाखवावं लागेल. दुसऱ्या कुत्र्यालाही तपासा. आणि तुमच्या हाताला ओरखडा असेल तर वर नाशिककरांना लिहिलंय ते तुम्हालाही लागू.

अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत फार उशीर होईल, म्हणून पत्र आलं त्याच दिवशी संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन फोन केला होता. दोनदा केला, तुम्ही उचलला नाहीत. अनोळखी नंबर म्हणून उचलला नसेल. उद्या सकाळी सातला, तुमच्या फेरीच्या आधी, पुन्हा करतो.